हिरवी रेघ

[पडद्यावर: जेरुसलेमचा जुना नकाशा, त्यावर दोन रंगीत रेघा]

नोव्हेंबर १९४८. जेरुसलेमच्या मुसरारा भागातलं एक घर. इस्रायलचे मोशे दायान आणि जॉर्डनच्या सैन्याचे, म्हणजे अरब लीजनचे, अब्दुल्ला अल-तल नकाशावर वाकले आहेत. लढाई थांबवायची, म्हणून आपापलं सैन्य कुठवर आहे ते दोघं मेणाच्या पेन्सिलीनं आखतायत. एकाची रेघ हिरवी, दुसऱ्याची लाल. नकाशा एकास वीस हजार प्रमाणाचा आणि रेघ तीन-चार मिलिमीटर जाड. म्हणजे प्रत्यक्ष जमिनीवर साठ ते ऐंशी मीटर! त्या जाडीत घरं आली, गल्ल्या आल्या. ती नेमकी कुणाची, यावरून पुढं वाद झाले.

३ एप्रिल १९४९ ला ऱ्होड्स बेटावर इस्रायल आणि जॉर्डनमध्ये शस्त्रसंधी झाली. ती रेषा पुढं ‘ग्रीन लाइन’ म्हणून ओळखली जाऊ लागली. ही अंतिम सीमा नव्हे, असं करारातच लिहून ठेवलं होतं. अंतिम सीमा आजवर ठरलेली नाही.

[पडद्यावर: १९६७ चं युद्ध, डोंगरउतारावरची नवी घरं]

जून १९६७. सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलनं पूर्व जेरुसलेम आणि अख्खी वेस्ट बँक, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा तोवर जॉर्डनकडे असलेला प्रदेश, ताब्यात घेतली. सप्टेंबरात या ताब्यातल्या जमिनीवर काफर एत्झियोन ही इस्रायली वसाहत उभी राहिली. तिथं आधीही ज्यू वस्ती होती. १९४८ मध्ये तिथल्या लोकांची कत्तल झाली होती आणि त्यांचीच मुलं आता परत आली होती. ही वेदना खरी आहे, ती बाजूला सारून वसाहतींबद्दल बोलता येत नाही. पण त्याच महिन्यात इस्रायली परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरोन यांनी सरकारला लेखी बजावलं होतं, की ताब्यातल्या प्रदेशात नागरी वस्ती वसवणं युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या विरोधात जाईल. सरकारनं ते ऐकलं नाही.

१३ सप्टेंबर १९९३. व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफात यांनी हात मिळवले. त्या दिवशी झालेल्या ऑस्लो करारानं वसाहती, सीमा, जेरुसलेम आणि निर्वासित हे चारही अवघड प्रश्न पुढं ढकलले. पाच वर्षांत ते सुटतील, असा हिशोब होता. १९९५ च्या दुसऱ्या करारानं वेस्ट बँकेचे तीन भाग केले. त्यातला सर्वांत मोठा भाग, ज्याला ‘एरिया सी’ म्हणतात (आज सुमारे साठ टक्के), पूर्णपणे इस्रायलच्या हाती राहिला. त्याच वर्षी राबिन यांना एका ज्यू अतिरेक्यानं गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेनं इस्रायली बसेसमध्ये बॉम्ब उडवले. बोलणी रखडली, बांधकाम मात्र रखडलं नाही. ऑस्लोच्या वेळी वेस्ट बँकेत, पूर्व जेरुसलेम सोडून, सुमारे एक लाख दहा हजार वसाहतवासी होते. आज ते पाच लाखांवर आहेत. मला यातली खरी अडचण हीच वाटते: ज्या जमिनीची वाटणी करायची, ती बोलणी चालू असतानाच बदलत जाते.

[पडद्यावर: कागदावर हातानं काढलेला नकाशा]

सप्टेंबर २००८. इस्रायलचे पंतप्रधान ओल्मर्ट यांनी पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांच्यासमोर एक नकाशा ठेवला. वेस्ट बँकेचा सुमारे सहा टक्के भाग इस्रायलकडे जाणार, बदल्यात जवळपास तेवढीच जमीन पॅलेस्टाइनला मिळणार. अब्बास यांनी नकाशा सोबत नेऊ द्या म्हटलं. आधी सही करा, मग न्या, असं ओल्मर्ट यांचं उत्तर. अब्बास यांनी परत आल्यावर तो नकाशा आठवून कागदावर काढला. भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे ओल्मर्ट पायउतार होतच होते. डिसेंबरात गाझात युद्ध पेटलं. त्या नकाशावर दोघांची पुन्हा बैठक झालीच नाही.

[पडद्यावर: जेरुसलेमच्या पूर्वेकडचे उघडे डोंगर]

जेरुसलेम आणि माले अदुमिम या मोठ्या वसाहतीच्या मधली ही सुमारे बारा चौरस किलोमीटर जमीन, ‘ई-वन’. इथं घरं झाली, तर पूर्व जेरुसलेम पॅलेस्टिनी वेस्ट बँकेपासून तुटतं, आणि रामल्लाहून बेथलेहेमला जाणारा सरळ रस्ताही उरत नाही. शेजारीच खान अल-अहमर हे बेदुईन या मूळच्या भटक्या अरब लोकांचं गाव आहे. बांधकामाचा परवाना मिळत नाही, म्हणून तिथली शाळा जुने टायर आणि माती रचून उभारली. २०१८ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं गाव हटवायला मोकळीक दिली. त्यावर जगभरातून दबाव आला.

ऑगस्ट २०२५ मध्ये ई-वनमधल्या सुमारे ३,४०० घरांना मंजुरी मिळाली. यामुळे पॅलेस्टिनी राष्ट्राची कल्पनाच गाडली जाते, असं इस्रायलचे अर्थमंत्री स्मोट्रिच यांनी उघडपणे सांगितलं. पुढच्याच महिन्यात ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियानं पॅलेस्टाइनला मान्यता दिली. पण ज्या राष्ट्राला ही मान्यता मिळाली, त्याची हद्द कुठून कुठवर हे कोण आखणार?

२००३ च्या ‘रोडमॅप’ या आंतरराष्ट्रीय शांतता आराखड्यात इतर गोष्टींबरोबर दोन कलमं होती. पॅलेस्टिनी बाजूनं हिंसा थांबवायची आणि इस्रायलनं वसाहतींचं सगळं बांधकाम, ‘नैसर्गिक वाढी’च्या नावाखालचंसुद्धा, बंद ठेवायचं. पुन्हा बोलणी सुरू करायची असतील, तर पहिल्याच दिवशी ही दोन्ही कलमं एकत्र लागू व्हायला हवीत.