वर्ग कुठला, तेच त्याला आठवेना

श्रोतेहो, नमस्कार. डोळे मिटा आणि कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून चालायला लागा. पापाची तिकटी, पुढं गंगावेश, तिथून रंकाळा. रस्ता आपसूक दिसतो की नाही?

हा नकाशा कानशिलाच्या आत, मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या लहानशा भागात तयार होतो. उंदीर एका ठरावीक जागी आला की तिथली ठरावीक पेशी जागी होते, हे जॉन ओकीफ यांनी १९७१ साली दाखवलं. २०१४ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी. नव्या गोष्टी ध्यानात ठेवायचं कामही हाच भाग करतो, आणि अनेकांच्या फिटची, म्हणजे अपस्माराच्या झटक्याची, सुरुवात नेमकी इथूनच होते.

फिट येते तेव्हा असंख्य पेशी एकदम पेटतात. थोड्या वेळापूर्वी शिकलेलं अजून पक्कं बसलेलं नसतं, ते पुसलं जातं. लांबलेल्या फिटनंतर उंदरांच्या या पेशी जागा नीट ओळखत नाहीत आणि पाण्याखाली लपवलेला चौथरा शोधायला त्यांना जास्त वेळ लागतो, असं प्रयोगांत दिसलं आहे.

माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. सोमवारी त्याला फिट आली. मंगळवारी शाळेत आला आणि जिन्यापाशीच थांबला; आपला वर्ग कुठला, तेच त्याला आठवेना. आदल्या दिवशी शिकवलेल्या पंचगंगेच्या उपनद्या विचारल्या, तर गप्प. मी त्याला तासभर उभं केलं. ती चूक माझी होती, आणि अजून सलते.

आपल्याकडं फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. कृपा करून तसं करू नका. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना गाठा. औषधं नीट घेतली तर दहातल्या सातजणांपर्यंत फिट आटोक्यात येऊ शकते. काही औषधांनी मूल मंदावल्यासारखं वाटतं. ते डॉक्टरांच्या कानावर घाला, पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

आयांनो, एक वही ठेवा. फिट कधी आली, किती वेळ होती, त्यानंतर मूल काय विसरलं, सगळं लिहा आणि वही शाळेत दाखवा. आणि मास्तर, बाई, फिट येण्याआधी त्या दिवशी जे शिकवलं असेल, ते त्या पोराला शेजारी बसवून पुन्हा एकदा शिकवा.