पाटी रात्री बघावी

श्रोतेहो, नमस्कार.

आपण नाशिककर रस्त्यावरच्या पाट्या वाचत नाही. द्वारकावरून पुण्याकडं कुठून वळायचं, रविवार कारंजावर कुठली गल्ली एकेरी, सगळं तोंडपाठ. पाटी पुसट झाली तरी आपलं काही अडत नाही. पण २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. रामकुंड, तपोवन शोधत येणाऱ्या परगावच्या चालकाला आपल्या पाठांतराचा काय उपयोग?

माझं म्हणणं एवढंच, की पाट्यांची पाहणी अंधार पडल्यावर करावी. दिवसा ठीक दिसणारी पाटी रात्री काळीठिक्कर असू शकते. पत्र्यावर परावर्तक शीट चिकटवलेली असते. तिच्यात काचेचे बारीक मणी, नाहीतर सूक्ष्म लोलक असतात. हेडलाइटचा उजेड ते आला त्याच दिशेनं परत पाठवतात, म्हणून अक्षरं चालकाला उजळून दिसतात. शीटला भेगा पडल्या, आत पाणी शिरलं की ते काम मंदावतं. उन्हानं लाल रंगही विटतो. नो एन्ट्रीची लाल तबकडी आधी गुलाबी होते, मग पांढुरकी, आणि मधली पांढरी पट्टी शोधावी लागते.

ही परीक्षा तुम्हीही करू शकता. मोबाइलचा टॉर्च डोळ्याशेजारी धरून लांबून पाटीवर मारा. हात खाली नेलात तर फसाल, कारण उजेड टॉर्चकडंच परततो.

प्रत्येक मंद पाटी बदलायची गरज नसते. धूळ साबणाच्या पाण्यानं जाते, आड आलेली फांदी छाटता येते. पोस्टरचं मात्र अवघड. ते खरवडताना शीटही निघते. भाऊंचा वाढदिवस एका दिवसात उरकतो, पाटी कायमची जाते!

गावांची नावं बदलली, तिथंही गफलत होते. अहिल्यानगर किंवा छत्रपती संभाजीनगर लिहिलेली साधी पट्टी जुन्या नावावर डकवली, तर रात्री बाकीची पाटी चमकते आणि नेमकं गावाचं नाव अंधारात राहतं. पट्टीसुद्धा त्याच प्रतीच्या शीटची हवी.

आणि गाडी धडकून पाटी निकामी झाली, तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ नुसार बंधनकारक आहे. आपण बंपर बघतो आणि निघतो. महापालिकेकडं तक्रार करताना फोटो रात्री, फ्लॅश लावून काढा, आणि जवळच्या दुकानाची खूण लिहायला विसरू नका.