गुलाबी सीरम

श्रोतेहो, नमस्कार.

पहाटे साडेतीनला सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्ताच्या नळ्या गरगरा फिरवणारं यंत्र, थांबतं. नळी काढायची आणि उजेडासमोर धरायची. वरचं सीरम, म्हणजे पेशी खाली बसल्यावर उरणारं रक्तातलं पाणी, फिकट पिवळं दिसायला हवं, पण ते गुलाबी दिसतंय. मशीन म्हणतंय, पोटॅशियम ७.१. नेहमीच्या माणसाचं साधारण ३.५ ते ५ असतं. आकडा खरा असेल तर पेशंटच्या हृदयाचे ठोके कधीही बिघडू शकतात. पण गुलाबी रंग सांगतो की रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या असाव्यात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम नळीत सांडलं असावं. म्हणजे आकडा बहुधा नळीचा आहे, पेशंटचा नाही. बहुधा! फोन उचलायचा, वॉर्डला सांगायचं, "सँपल हिमोलाइज झालंय, दुसरं पाठवा, आणि तोवर एकदा ईसीजी बघाल का?" पलीकडून "बरं" एवढंच येतं आणि फोन ठेवला जातो.

त्या पेशंटचं पुढे काय झालं, मला कधीच कळलं नाही. लॅब टेक्निशियन म्हणून अकरा वर्षं काढल्यावर मी मेडिकलचा अर्ज भरायला बसले, त्यामागे हे न कळणंच होतं. पण हे माझं मलाच उमगायला फार वेळ लागला. अर्जातलं माझं पहिलं वाक्य होतं, "लहानपणापासून मला डॉक्टर व्हायचं होतं." माझ्या एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीनं ते वाचलं आणि विचारलं, "मग अकरा वर्षं काय करत होतीस?" मी ते वाक्य खोडलं.

फिजिओथेरपी, रेडिओग्राफी, डायलिसिस, स्पीच थेरपी, ऑपरेशन थिएटर अशा कुठल्याही कामातून मेडिकलकडे वळणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही. त्याला जुळा भाऊही असतो: आहे त्या कामात काय वाईट आहे? इथे बरेच जण घसरतात. डॉक्टर आमचं ऐकत नाहीत, निर्णय ते घेतात आणि निस्तरतो आम्ही, असं लिहून मोकळे होतात. खरं असेलही. पण समोर अर्ज वाचायला बहुतेक वेळा डॉक्टरच बसलेले असतात, हा झाला व्यवहार. त्याहून मोठी गोष्ट अशी की आपलं कोणी ऐकत नाही एवढंच दुखणं असेल, तर मेडिकल कॉलेज हे त्यावरचं औषध नव्हे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचं आणि इंटर्नचं कोण ऐकतं, ते आपण कामावर रोज बघतोच. तुमच्याच पेशात वर चढायची वाट असेल, तर आधी ती नीट तपासा, असं मी अगदी मनापासून सांगते.

तरीही जायचं ठरलं, तर आपण कुठल्या दारातून आत शिरणार ते आधी बघायचं. प्रत्येक देशाचं दार वेगळं. भारतात ‘नीट’ या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी वयाची वरची मर्यादा २०२२ मध्ये काढून टाकली, ही मोठीच गोष्ट झाली. पण तिथे अनुभवाला गुण नाहीत. ७२० गुणांच्या त्या पेपरात तुमची पंधरा वर्षं कुठेच मोजली जात नाहीत. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी अठरा वर्षांच्या मुलांच्या बरोबरीनं सोडवायचं. पुढे साडेचार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक वर्ष, त्यात जुन्या पदवीची सूट नाही. ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी चार वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम असतो. ऑस्ट्रेलियात पदवीधरांच्या प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी गॅमसॅट ही परीक्षा लागते, आणि तिच्यात निबंधही लिहावे लागतात. अमेरिकेत एमकॅट आहे. तिचे चार विभाग, एकूण गुण ४७२ ते ५२८. २०१५ पासून त्यात मानसशास्त्र आणि समाजशास्त्रही आलं, आणि वॉर्डात माणसं बघितलेल्यांना तो विभाग फार परका वाटत नाही. तिथल्या लेक एरी कॉलेज ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिननं तर फिजिशियन असिस्टंटसाठी, म्हणजे डॉक्टरांच्या जोडीनं पेशंट तपासणाऱ्यांसाठी, तीन वर्षांची वाट काढली आहे. पण असे अपवाद मोजकेच. एरवी रेडिओग्राफर असो की फार्मासिस्ट, शरीररचनाशास्त्र पहिल्या पानापासून.

अमेरिकेत एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी; तिथल्या एमडी कॉलेजांच्या सामाईक अर्जात आणखी एक मेख आहे. विसाव्या वर्षी नापास झालेला विषय तिसाव्या वर्षी उत्तम ग्रेड घेऊन पास केलात, तरी सरासरी काढताना दोन्ही ग्रेड धरतात. जुना डाग पुसला जात नाही, त्याच्या शेजारी नवे चांगले मार्क मांडत जायचं एवढंच हातात राहतं. पण हे नवे विषय आणखी एका कामी येतात. शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, आणि दहा वर्षांपूर्वीच्या सरांना आपला चेहरा आठवत नसतो. पुन्हा वर्गात बसायचंच आहे, तर पुढच्या बाकावर बसा आणि शंका विचारा.

त्याच अर्जात १५ अनुभव लिहिता येतात, त्यातले तीन विस्तारानं. माझ्यासारखी माणसं इथे नोकरीची यादी देतात: इतके नमुने तपासले, इतकी यंत्रं हाताळली. वाचणाऱ्याला त्यातून काहीच दिसत नाही. मी यादी काढली आणि गुलाबी सीरमची नळी लिहिली. मुलाखतीत मला तेवढंच विचारलं.

मुलाखतीचा एक प्रकार कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं रूढ केला. एका मोठ्या मुलाखतीऐवजी बऱ्याच छोट्या, प्रत्येक खोलीत नवा परीक्षक, नवा प्रसंग, हातात काही मिनिटं. अनुभवी माणूस इथे गाफील राहतो. एका खोलीत मला विचारलं, "सहकाऱ्यानं चाचणी न करताच रिपोर्ट भरला, तर काय कराल?" मी नियम घडाघडा म्हणून दाखवले: नोंद, वरिष्ठांना कळवणं, फेरतपासणी. परीक्षक म्हणाले, "हे झालं. आधी त्याच्याशी बोलणार की नाही?" अकरा वर्षांच्या सवयीनं मी माणसाऐवजी फॉर्म गाठला होता. ती खोली माझी वाईटच गेली.

सगळ्यात अवघड काम मात्र परीक्षा किंवा मुलाखत नव्हतं, ते होतं आमच्या इनचार्जकडून पत्र मागणं. पत्र मागायचं म्हणजे मी जाणार हे सांगायचं, आणि प्रवेश मिळालाच नाही तर त्याच टेबलावर परत येऊन बसायचं. मी आठवडाभर टाळत राहिले. मग एका संध्याकाळी पाळी बदलताना सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत, हातातलं रजिस्टर पूर्ण भरलं आणि विचारलं, "कधीपर्यंत हवंय?" चौथ्या दिवशी पत्र दिलं. उत्तम होतं. त्या महिन्याच्या रात्रपाळ्या मात्र सगळ्या माझ्याच नावावर लागल्या.

नमस्कार.