क्रियापदाचा जोडीदार

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात इंग्रजी व्याकरण शिकलेल्यांची वानवा नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली स्पर्धा परीक्षांची मुले सगळे काळ धडाधड म्हणून दाखवतात, हिंजवडीतल्या कार्यालयांतून दिवसभर इंग्रजी पत्रव्यवहार चालतो, आणि तरीही त्या इंग्रजीत कुठेतरी काहीतरी खटकते. माझ्या मते हा खटका पुष्कळदा क्रियापदात नसतो. तो त्याच्या शेजारी आणून बसवलेल्या क्रियाविशेषणात असतो.

मराठीत आपण ढसाढसा रडतो, खदाखदा हसतो, घटाघटा पितो. कोणी ‘तो ढसाढसा हसला’ असे म्हटले, तर व्याकरणाचा एकही नियम मोडत नाही, पण ऐकणारा चमकल्याशिवाय राहत नाही. ढसाढसा या शब्दाची सोयरीक रडण्याशीच जुळलेली आहे. इंग्रजीतही अशा सोयरिकी आहेत, फक्त त्या आपल्या कानावर लहानपणापासून पडलेल्या नसतात. जे. आर. फर्थ हे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. शब्द ओळखावा तो त्याच्या सोबतीवरून, हे त्यांचे १९५७ सालचे म्हणणे पुढे फार गाजले. सिडनी ग्रीनबाउम या ब्रिटिश व्याकरणकारांनी तर या सोबतीची चाचणीच घेतली. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा, अशांना त्यांनी ‘आय एंटायरली’, ‘आय बॅडली’, ‘आय कम्प्लीटली’ असे अर्धेच वाक्य दिले आणि पुरे करायला सांगितले. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दिसते ते असे, की एंटायरलीपुढे बहुतेकांनी ‘अग्री’ लिहिले, बॅडलीपुढे ‘नीड’ किंवा ‘वाँट’, आणि कम्प्लीटलीपुढे सर्वाधिक वेळा ‘फरगेट’ आले. आपणही ‘साफ विसरलो’ म्हणतो; ‘साफ आठवले’ मात्र म्हणत नाही.

यातले ‘बॅडली नीड’ आपल्याकडे सहसा कोणी वापरत नाही. बॅड म्हणजे वाईट हे डोक्यात इतके पक्के बसलेले असते की निकडीच्या गरजेशी त्याचा संबंध जोडायला जीभ धजत नाही, आणि मग आपण ‘व्हेरी मच नीड’ म्हणून वेळ मारून नेतो. ‘व्हेरी’ हा आपला हुकमी एक्का आहे, पण तो एकटा क्रियापदाला चिकटत नाही. ‘आय व्हेरी लाइक पुणे’ हे चुकीचेच. तिथे ‘आय लाइक पुणे व्हेरी मच’ किंवा ‘आय रिअली लाइक पुणे’ असे म्हणावे लागते.

शिफारस करण्याचे क्रियापद जरा जवळून पाहू. ‘हायली रेकमेंड’ आणि ‘स्ट्राँगली रेकमेंड’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. एखाद्या खानावळीची तारीफ करताना ‘हायली’ अधिक सहज येते, आणि डॉक्टरांना दाखवाच असा आग्रह धरताना ‘स्ट्राँगली’. सल्ला देण्याच्या ‘अॅडव्हाइज’बरोबर मात्र स्ट्राँगलीच शोभते, ‘हायली अॅडव्हाइज’ कानाला खुपते. साफ नकार द्यायचा तर ‘फ्लॅटली रिफ्यूज’. संस्थेच्या पत्रातली दिलगिरी ‘डीपली रिग्रेट’ने व्यक्त होते, आणि माणसाला आयुष्यभर सलणारा पश्चात्ताप ‘बिटरली रिग्रेट’ने. आपल्या कार्यालयांत प्रत्येक विनंतीला ‘काइंडली’ लावण्याची रीत आहे. ती नम्रतेपोटीच आलेली आहे, पण इंग्रजांच्या कानाला हा शब्द कधीकधी दरडावल्यासारखा लागतो, हे लावणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

आता जागेविषयी. मराठीत ‘तो फार छान इंग्रजी बोलतो’ हे अगदी सरळ वाक्य आहे, आणि त्याच साच्यातून ‘ही स्पीक्स व्हेरी वेल इंग्लिश’ बाहेर पडते. इंग्रजी क्रियापदाला आपल्या आणि कर्माच्या मध्ये कोणी शिरलेले सहसा खपत नाही, म्हणून ‘ही स्पीक्स इंग्लिश व्हेरी वेल’. साहाय्यक क्रियापद असले, तर जोर देणारे क्रियाविशेषण बहुधा त्याच्यामागोमाग येते: ‘आय हॅव कम्प्लीटली फरगॉटन’.

नकार आला की जागेने अर्थच पालटतो. ‘आय रिअली डोन्ट लाइक इट’ म्हणजे मला हे मुळीच आवडत नाही. ‘आय डोन्ट रिअली लाइक इट’ म्हणजे मला हे फारसे आवडत नाही. शब्द तेच आहेत, पण पहिल्या वाक्यात ‘रिअली’ने नकाराला बळ दिले आहे आणि दुसऱ्यात नकारानेच ‘रिअली’ची धार बोथट केली आहे. पुढ्यातला पदार्थ नाकारताना यांपैकी कोणते वाक्य तोंडून जाते, यावर यजमानांचा चेहरा अवलंबून असतो.

‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ यांची गोष्ट तर शिफारसपत्रे लिहिणाऱ्यांनी कायम लक्षात ठेवावी. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कसून काम करतो. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जेमतेम काम करतो. ‘ली’ लावले की क्रियाविशेषण होते, हा शाळेतला नियम इथे एका होतकरू उमेदवाराची नोकरी घालवू शकतो.

या जोड्या दाखवणारे स्वतंत्र कोश आता मिळतात. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांतून त्यांची चौकशी करता येईल. कोश उघडल्यावर शोध मात्र क्रियापदाचा घ्यावा. ‘स्ट्राँगली’ पाहून फारसे हाती लागत नाही. ‘डिनाय’ पाहिले की ‘फ्लॅटली’, ‘कॅटेगॉरिकली’, ‘व्हेइमेंटली’ असे त्याचे सगळे सोबती एका जागी भेटतात, आणि आपल्या वाक्याला कोणता साजेल ते तिथेच ठरवता येते.

नमस्कार.