झोप न मोडणारा भूकंप

श्रोतेहो, नमस्कार. सोलापुरात भूकंप म्हटलं की किल्लारीच आठवते. 30 सप्टेंबर 1993ची पहाट, गणपती विसर्जन करून माणसं नुकतीच झोपलेली, आणि काही सेकंदांत होत्याचं नव्हतं झालं. आज मात्र मी सांगणार आहे तो भूकंप आठवडेच्या आठवडे चालतो आणि कुणाची झोपसुद्धा मोडत नाही.

हा प्रकार आपल्या पठारावरचा नव्हे. समुद्रतळाचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा भलामोठा तुकडा, जिथे दुसऱ्या भूपट्टाखाली शिरतो, तिथला. हे भूपट्ट एकमेकांवरून हळूहळू घसरतात, म्हणून याला मंद घसरण म्हणतात. न्यूझीलंडच्या पूर्वेला हिकुरांगी नावाचा असा पट्टा आहे. तिथल्या किनाऱ्यावरच्या गिस्बर्न शहराजवळ जमिनीत रोवलेले जीपीएस दर दीड-दोन वर्षांनी जरासे सरकायचे. पण मूळ हालचाल दूर पाण्याखाली. ती किती उथळ, हे किनाऱ्यावरून समजेना.

मग 2014 साली तिथल्या तळावर 24 दाबमापक उतरवले. तळ वर उचलला गेला, की यंत्रावरचं पाणी कमी होतं आणि दाब उतरतो. एक सेंटिमीटर पाण्याचा दाब साधारण एक मिलिबार. आता सांगा, भरती-ओहोटीच मीटर-दीड मीटरची, तिथे हे सेंटिमीटर शोधायचे कसे? भरतीचा हिशेब मांडता येतो. प्रवाहांच्या लहरीपणाचं काय? शास्त्रज्ञांनी काही यंत्रं खोल गर्तेपलीकडे, म्हणजे भूपट्ट जिथून खाली शिरू लागतो त्या खळग्यापलीकडे, खाली शिरणाऱ्या भूपट्टावरच ठेवली होती. समुद्राचा गोंधळ तिथेही जवळपास तसाच, पण तळ उचलला जात नाही. त्यांची नोंद इतरांच्या नोंदीतून वजा केली. मला तर या साऱ्या खटाटोपात ही वजाबाकीच सर्वांत आवडते!

उरलं काय? त्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तळ दीड ते साडेपाच सेंटिमीटर उचलला गेला होता. घसरण तळापासून जेमतेम दोन किलोमीटर खोलीपर्यंत पोहोचली होती. अर्थात, यंत्रं वर्षभराने बाहेर काढल्यावरच हे कळलं. जपानने मात्र आपल्याकडच्या नानकाई नावाच्या अशाच पट्ट्यात तळाला भोकं पाडून, केबल जोडून अशा नोंदी थेट किनाऱ्यावर आणल्या आहेत.

एवढा खर्च कशाला? याच गिस्बर्नसमोर 1947 साली मार्च आणि मे महिन्यांत दोन भूकंप झाले. हादरे बेताचे, पण त्सुनामीच्या लाटा मोठ्या. म्हणजे हळू सरकणारा भाग निरुपद्रवी, असं मानता येत नाही. उलट प्रत्येक मंद घसरणीमागून मोठा भूकंप येतो, असंही नाही.

आणि असा पट्टा आपल्या अरबी समुद्रातही आहे: इराण-पाकिस्तानच्या किनाऱ्यालगतचा मकरान. 28 नोव्हेंबर 1945च्या तिथल्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली आणि माणसं दगावली. माझ्या मते, दाबमापक आधी उतरवावेत ते तिथे.