ऑनलाइन रेसिडेन्सीचा उंबरठा

अध्यक्ष महोदय आणि रसिकहो,

कलाकाराला संसाराच्या धबडग्यातून उचलून काही काळ परगावी ठेवावे, त्याला खोली, जेवण आणि मोकळा वेळ द्यावा, ही रेसिडेन्सीची कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६६ साली आपल्या चित्रकार-शिल्पकारांसाठी रोममध्ये अकादमी उघडली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या रानातली मॅक्डॉवेल ही कलाकारांची वसाहत १९०७ पासूनची, आणि दिल्लीची 'खोज' ही कलासंस्था १९९७ ची. या परंपरेने बराच काळ एक कलाकार गृहीत धरला: त्याला जिने चढता येतात, व्हिसा मिळतो, आणि त्याच्यावाचून घरी कोणाचे अडत नाही. २०२० च्या टाळेबंदीत अनेक रेसिडेन्सी संगणकाच्या पडद्यावर आल्या, तेव्हा हे गृहीतक आपोआप गळून पडेल असे वाटले होते. प्रवासावाचून कला दूर जाते याचा पुरावा तर आपल्या फोंडा तालुक्यातच आहे. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागली. तिला कोणी पासपोर्ट विचारल्याचे ऐकिवात नाही.

पण पृथ्वीवर अर्ज भरावा लागतो, आणि येथे मला माझे जुने गाऱ्हाणे मांडू द्या. माझे एक स्नेही पखवाज वाजवतात. त्यांना दिसत नाही, परंतु स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या, मदतीने ते संगणक माझ्यापेक्षा वेगाने चालवतात. सर्व देशांतील, सर्व शाखांतील कलाकारांना खुल्या असलेल्या एका परदेशी ऑनलाइन रेसिडेन्सीची जाहिरात त्यांनी ऐकली आणि ते अर्जाला बसले. पहिल्याच पानावर, आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी, नऊ चित्रांपैकी बस असलेली चित्रे निवडायची होती. ध्वनीचा पर्याय होता. त्यात कोणीतरी खडखडाटातून इंग्रजी आकडे पुटपुटत होते. तालाचा इतका पक्का माणूस, त्याने तेही ओळखले. पुढच्या पानावर कलाविषयक निवेदन इंग्रजीत टंकित करायचे होते, ध्वनिमुद्रित निवेदन चालणार नव्हते, आणि ठरावीक मिनिटांनंतर पान आपोआप कोरे होत होते. ते तसे कोरे झालेही. मदतीसाठी पत्र लिहिले, तर उत्तरात सूचनांचे एक सुबक चित्र आले, ज्यातले एक अक्षरही स्क्रीन रीडरला वाचता येईना. त्यांनी मला एवढेच विचारले, की यांना बस पकडणारा माणूस हवा आहे की पखवाज वाजवणारा? आपण हसलात ते योग्यच आहे, पण तो अर्ज शेवटपर्यंत गेलाच नाही.

यावर कोणी म्हणेल, की सोयी खर्चिक असतात. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर दोन अंध ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरांनी २००६ मध्ये सुरू केला आणि तो आजही मोफत मिळतो. संकेतस्थळाचे पान सर्वांना वापरता येईल असे बांधण्याचे जागतिक निकष १९९९ पासून लिहिलेले आहेत. आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला, पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव २०२३ मध्ये सुरू झाला. उणीव आहे ती अपेक्षेची: दृष्टिहीन माणूस चित्रांच्या संस्थेत येईलच कशाला, असे मनात धरले जाते. चित्रकार विनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी १९५७ च्या सुमारास पूर्ण गेली, आणि त्यानंतर १९७२ मध्ये त्यांनी शांतिनिकेतनच्या कलाभवनात फरशांचे भित्तिचित्र उभे केले. त्यांचा अर्जही बसच्या पानावरच अडला असता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा ज्यासाठी आपण मला बोलावले ते आता घाईने सांगतो. गोव्यातून अशी रेसिडेन्सी चालवायची असेल तर सर्वांनी एकाच वेळी पडद्यासमोर बसण्याचा हट्ट प्रथम सोडावा. पणजीत सायंकाळचे साडेसात वाजतात तेव्हा नैरोबीत पाच, लिमात सकाळचे नऊ, आणि ऑकलंडमध्ये ऋतुमानाप्रमाणे रात्रीचे दोन किंवा तीन वाजलेले असतात. शिवाय दीर्घ आजाराच्या कलाकाराला आज बसवेल, उद्या बसवणार नाही. म्हणून मुख्य देवाणघेवाण ध्वनिमुद्रणे, चित्रफिती आणि पत्रे यांतून सावकाश व्हावी आणि थेट भेटी थोड्या असाव्यात. आपल्या आषाढातील वीज पाहता हे आपल्याही सोयीचेच आहे.

थेट भेटीत बोलणे पडद्यावर अक्षरांत उमटवणारा लेखनिक हवाच; जत्रेतल्या नाटकाला प्रॉम्प्टर हवा तसा. सांकेतिक भाषेचे दुभाषी जोडीने नेमावेत, कारण एकटा माणूस तासभर हात चालवून थकतो. कोणाची सांकेतिक भाषा कोणती, हे आधी विचारावे. बोलीत इंग्रजी वापरणाऱ्या अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या सांकेतिक भाषासुद्धा एकमेकींना कळत नाहीत. चित्राचे शब्दवर्णन चित्रकाराने आणि लेखकाने मिळून करावे. वेगवेगळ्या शाखांच्या कलाकारांना एकत्र बसवणारे याहून चांगले काम मला सुचलेले नाही.

हा खर्च, इंटरनेटच्या खर्चासह, अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत मानधनाशेजारी असावा, 'इतर'मध्ये नव्हे. अखेरीस प्रदर्शन भरवण्याची सक्तीही नसावी. वेळ संपली. प्रश्न कृपया माईकवरूनच विचारावेत. मागच्या रांगेत श्रवणयंत्र लावलेले दोन श्रोते बसले आहेत.