ब्राउझरमधलं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन: किल्ली नेमकी कुणाकडे?

नमस्कार. तुमच्या वेब ॲपच्या डेटाबेसचा अख्खा बॅकअप आज कुणी उचलून नेला, तर त्याला काय काय वाचता येईल? 'आमच्याकडे एचटीटीपीएस आहे' हे याचं उत्तर नाही. एचटीटीपीएस फक्त ब्राउझर ते सर्व्हर या वाटेवर राखण करतं. सर्व्हरवर पोचलेला मजकूर उघडाच असतो. एंड-टू-एंड म्हणायचं तर कुलूप (एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं मजकुराचं रूप करणं) वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्येच लागलं पाहिजे आणि किल्ली सर्व्हरच्या हाती कधीच पडता कामा नये.

कुलूप लावणं आता अवघड राहिलेलं नाही. ब्राउझरमध्येच एन्क्रिप्शनची सोय देणारं वेब क्रिप्टो एपीआय २०१७ साली डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक झालं आणि आज सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये ते आहे. एईएस-जीसीएम या एन्क्रिप्शन पद्धतीसाठी २५६ बिटची किल्ली बनवा, एन्क्रिप्ट करा, झालं. स्वतःचा अल्गोरिदम लिहायला मात्र बसू नका, हात जोडून सांगतो.

एक जागा जपा: आयव्ही, म्हणजे किल्लीसोबत एन्क्रिप्शनला द्यायचा सुरुवातीचा आकडा. दर एन्क्रिप्शनला नवा घ्यायचा, १२ बाइटचा. तो गुपित नसतो, मजकुराला चिकटवून ठेवला तरी चालतं. पण एकाच किल्लीवर तोच आयव्ही दोनदा वापरला, तर ते दोन एन्क्रिप्टेड संदेश एकमेकांशी एक्सऑर केले (बिटला बिट ताडून फरक काढला) की मूळ दोन संदेशांचा एक्सऑर हातात येतो. वर खोटे संदेश बनवायची वाटही मोकळी होते. मी एका नोट्सच्या ॲपमध्ये चाचणीपुरता आयव्ही कायम ठेवला होता आणि तो तसाच राहून गेला. ॲप व्यवस्थित चालत होतं, कुठे एकही एरर नाही. कोड पुन्हा वाचताना सापडला, तेव्हा पोटात गोळा आला.

आता किल्ली आणायची कुठून? बहुतेक जण पासवर्डपासून बनवतात, पीबीकेडीएफ२ वापरून: पासवर्डवर पुन्हा पुन्हा हॅश (डेटाचा ठसा काढणारं गणित) चालवून त्यातून किल्ली काढायची. त्यासाठी एसएचए-२५६ हा हॅश घेत असाल तर ओवास्प ही वेब सुरक्षेवर काम करणारी संस्था किमान सहा लाख फेऱ्या सुचवते. आणि इथेच चांगले चांगले डेव्हलपर फसतात. किल्ली पासवर्डपासून बनवली, आणि लॉगिनला तोच पासवर्ड जसाच्या तसा सर्व्हरला पाठवला! मग सर्व्हरलाही तीच किल्ली बनवता येते की. सगळी मेहनत पाण्यात. पासवर्डमधून ब्राउझरमध्येच दोन वेगळ्या गोष्टी काढा: एक लॉगिनसाठी, एक एन्क्रिप्शनसाठी. सर्व्हरकडे पहिलीच जाऊ द्या.

तयार झालेली किल्ली 'एक्स्ट्रॅक्टेबल' फॉल्स ठेवून इंडेक्स्डडीबी या ब्राउझरमधल्या साठवणीत ठेवता येते. मग जावास्क्रिप्टला ती वापरता येते, पण तिचे बाइट बाहेर काढता येत नाहीत. पानात एक्सएसएस (हल्लेखोराने घुसवलेली स्क्रिप्ट) घुसला तर हल्लेखोर तिथल्या तिथे मजकूर उघडून वाचू शकतो, एवढं मात्र लक्षात असू द्या.

पासवर्ड विसरला तर? रीसेटची लिंक पाठवून इथे भागत नाही, डेटा गेला म्हणजे गेला. म्हणून खातं उघडतानाच रिकव्हरी की (डेटा उघडायची जादा किल्ली) द्या आणि ती जपून ठेवल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

आता सगळ्यात अवघड भाग. ज्या सर्व्हरपासून मजकूर लपवायचा, कुलूप लावणारा कोडही तोच पाठवतो, आणि ब्राउझर तो पुन्हा पुन्हा त्याच्याकडूनच आणतो. एखाद्याच माणसाला, एकदाच, वेगळी जावास्क्रिप्ट पाठवली तर त्याला पत्ताही लागणार नाही. सबरिसोर्स इंटिग्रिटी या ब्राउझरच्या सोयीने सीडीएनवरची (दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवलेली) फाइल पानात लिहिलेल्या हॅशशी ताडून तपासता येते, पण तो हॅश ज्या पानात लिहिलाय ते पानही त्याच सर्व्हरचं. २०२२ मध्ये मेटाने क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीच्या मदतीने व्हॉट्सॲप वेबसाठी कोड व्हेरिफाय हे एक्स्टेंशन काढलं, ते याचसाठी: तुम्हाला मिळालेला कोड आणि बाकीच्यांना मिळालेला कोड एकच आहे ना, हे तिसऱ्याकडच्या हॅशशी ताडून बघायचं.

मग हे सगळं करायचं कशाला? कारण चोरलेला बॅकअप, डेटाबेसमध्ये डोकावणारा कर्मचारी, चुकून उघडा राहिलेला सर्व्हर, या सगळ्यांना हे खरोखर अडवतं. कोड बदलून फसवायचं तर कुणालातरी ठरवून तो बदलावा लागतो, आणि तो कुठेतरी पकडला जाऊ शकतो.

फक्त आपल्या साइटवर 'आम्हाला तुमचा मजकूर कधीच वाचता येणार नाही' असं लिहू नका. 'आमचा डेटाबेस चोरीला गेला तरी त्यातून तुमचा मजकूर वाचता येणार नाही' असं लिहा. उद्याचा कोड आपणच पाठवणार आहोत, आणि वापरणाऱ्याला हे माहीत असलं पाहिजे.